वाचक विचारतात : डोक्याशी ऊब, पायाशी गारठा

प्रश्न : आमच्या बागेत एक थर्मामीटर द्राक्षाच्या खोडाला गुडघाभर उंचीवर बांधलाय आणि दुसरा घराच्या गच्चीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बघितलं की बागेतला तीन-चार अंशांनी खाली असतो. शाळेत तर शिकलो की वर जावं तसं थंड होत जातं. मुलगा म्हणतो अंटार्क्टिकात पण आपल्या बागेसारखंच असतं, वर गेलं की गरम. थर्मामीटर बदलू की मुलाला गप्प करू? (एक बागायतदार, निफाड)

उत्तर : दोन्ही नको. थर्मामीटर बरोबर आहेत, मुलगाही बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर शाळेचं पुस्तकही चुकलेलं नाही, फक्त त्यात एक अट सांगायची राहून जाते.

ती अट अशी की जमीन तापलेली हवी. हवा उन्हाने थेट फारशी तापत नाही, ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला, म्हणजे चूल खाली आहे. मग गरम हवा वर उठते, पसरते, पसरताना गार होते, आणि सगळीकडची सरासरी काढली की हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात. आता रात्री ही चूल विझते. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता वर आकाशात फेकत राहते आणि हवेच्या आधी स्वतः गार होते, मग तिला चिकटलेली हवा गार होते, आणि गार हवा जड, ती कशाला वर जाईल, ती तिथेच बसते. तुमच्या बागेत शेकोट्या पेटवता ना, तेव्हा धुराकडे बघा. थोडासा वर जातो आणि मग वेलींच्या डोक्यावरच आडवा पसरतो, जणू कोणी काच ठेवलीय. त्या काचेच्या वरची हवा खालच्यापेक्षा उबदार आहे. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, हवामानवाले सरळ इन्व्हर्जन म्हणतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर गाड्यांच्या टपावर दवबिंदू गोठतात आणि त्याच दिवशी गावातल्या वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो, तोही हाच प्रकार, गार हवा घरंगळत खोलगट जागी जाऊन बसलेली.

तुमच्याकडे सकाळी नऊ-दहाला ऊन आलं की हे मोडतं. अंटार्क्टिकाच्या मध्यावर ऊन येतच नाही. दक्षिण ध्रुवावर मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य मावळतो तो सप्टेंबरातच उगवतो, म्हणजे चूल सहा महिने विझलेली. त्यात खाली दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आणि वर भुसभुशीत हिम, हिम म्हणजे रजईच, खालची ऊब वर येऊ देत नाही. आणि हे हिम दिसायला पांढरं असलं तरी उष्णतेच्या किरणांच्या बाबतीत ते जवळपास काळ्या तव्यासारखं वागतं, असेल नसेल ती उष्णता वर फेकून देतं. ती अडवायला हवेत बाष्प लागतं, पण एवढ्या थंडीत हवेत बाष्प राहणार किती, नावापुरतं. म्हणजे गार होण्याची सगळी सोय एकाच जागी.

याचा परिणाम बघायचा तर हवामानाच्या बलूनबरोबर वर जावं लागेल (मनातल्या मनात, हौस असेल तरी). बलूनच्या दोरीला एक हलकी पांढरी डबी लटकते, तिच्यात सेन्सर असतो आणि ती सतत आकडे रेडिओने खाली पाठवते. बलून सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो. समजा हिवाळ्यातली शांत, निरभ्र वेळ आहे आणि बर्फाजवळ उणे ६५ आहे. बलून सोडला, एक-दीड मिनिट झालं, तीन-चारशे मीटर वर गेला आणि आकडा आला उणे ४० च्या आसपास! पंचवीस अंश, एवढ्या वेळात आपला चहासुद्धा उकळत नाही. त्याच्याही वर गेला की मग पुस्तकातला नियम सुरू होतो आणि आकडा परत खाली उतरायला लागतो. जाता जाता सांगतो, ध्रुवाच्या हिवाळ्यात वरच्या थंडीत रबर कडक होऊन फुगा लवकर फुटतो, म्हणून तिथे ओझोन मोजायला पातळ प्लॅस्टिकचे भलेमोठे फुगे वापरतात.

अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर डोम सी नावाच्या जागी, समुद्रसपाटीपासून ३२३३ मीटरवर, फ्रान्स आणि इटलीचं काँकॉर्डिया स्टेशन आहे. तिथे ४५ मीटरचा एक मनोरा उभा करून त्याच्यावर ठरावीक उंचीवर थर्मामीटर लावलेत. ४५ मीटर म्हणजे आपली पंधरा मजली बिल्डिंग. हिवाळ्यात तेवढ्यातच कधीकधी दहा अंशांहून जास्त फरक पडतो, तळमजल्यावर मरणाची थंडी आणि गच्चीवर त्यातल्या त्यात बरं. तुमच्या खोडापासून गच्चीपर्यंतच्या तीन-चार अंशांचा हा थोरला भाऊ समजा.

एक गंमत अजून. तिथे हिवाळ्यात ढग आले किंवा वारा सुटला की गरम होतं. ढग खालून येणारी उष्णता अडवून परत पाठवतात, वारा वरची उबदार हवा खाली ढवळतो, आणि एका दिवसात तापमान वीस अंश वर गेल्याचं तिथल्या लोकांना नवल वाटत नाही. उलट कडाक्याची थंडी हवी तर सगळं शांत हवं. रशियाच्या व्होस्टोक स्टेशनवर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश नोंदले गेले, थर्मामीटरने मोजलेला पृथ्वीवरचा सगळ्यात कमी आकडा, तेव्हाही हवा अशीच निवलेली होती. पुढे २०१८ मध्ये सॅटेलाइटच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की तिथल्याच पठारावर उंच भागातल्या उथळ खळग्यांमध्ये बर्फाचा पृष्ठभाग उणे ९८ पर्यंत जातो. खळगे म्हणजे किती, दोन-तीन मीटर खोल. बघा, वेण्णा लेकचीच गोष्ट.

प्रश्न : मी वास्कोची. आमच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथून माणसं अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या आपल्या स्टेशनांवर जातात. तिथेही वर गरम, खाली गार असंच असतं का हो?

उत्तर : असतं, पण पठारावर असतं तेवढं जोरात नाही. मैत्री १९८९ पासून चालू आहे, भारती २०१२ पासून, आणि दोन्ही किनाऱ्याच्या पट्ट्यात, कमी उंचीवर, उघड्या खडकावर आहेत. किनाऱ्याला हवा निवांत बसत नाही. पठारावर जी गार जड हवा साठते ना, तिला उतार मिळाला की ती पाण्यासारखी खाली वाहत येते, दऱ्यांमध्ये जमते, वेग घेते. हा उताराचा वारा. ऑस्ट्रेलियाच्या डग्लस मॉसनने १९१२ मध्ये केप डेनिसनला तळ टाकला, जागा बरी दिसली म्हणून, आणि मग कळलं की तिथे वर्षभराच्या वाऱ्याची सरासरीच ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास. सरासरी हं! असा वारा थरांना ढवळून काढतो, शिवाय हवा खाली उतरताना दाबली जाऊन थोडी तापते, त्यामुळे किनाऱ्याचे आकडे पठाराच्या मानाने पुष्कळ सौम्य असतात. माणसाच्या अंगाला मात्र ते सौम्य वगैरे काही वाटत नाही, वारा आहे ना.

प्रश्न : उत्तर ध्रुवावर पण एवढाच फरक पडतो का?

उत्तर : नाही. तिथे खाली समुद्र आहे आणि वर तरंगता बर्फ, जाडी काही मीटरच, त्यातून पाण्याची ऊब झिरपत राहते, आणि बर्फाला भेग पडली की त्यातून वाफाच निघतात. हिवाळ्यात इन्व्हर्जन तिथेही जवळपास कायम असतं, पण फरक साधारण दहा-बारा अंशांचा.

पण या थराने केलेली सगळ्यात भारी करामत उत्तरेकडचीच आहे. १५९६ मध्ये विलेम बॅरेंट्स या डच खलाशाचं जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकलं. जहाजाच्या लाकडांतून आणि वाहून आलेल्या ओंडक्यांतून खोपटं बांधून सगळे तिथेच हिवाळाभर राहिले, सूर्य गेलेला, आणि तो फेब्रुवारीत उगवणार असा हिशोब. २४ जानेवारी १५९७ ला त्यांना क्षितिजावर सूर्याची कड दिसली, दोन आठवडे आधी! परत आल्यावर लोक म्हणाले, तुमचे दिवस मोजायचे चुकले. चुकले नव्हते. खाली गार जड हवा आणि वर उबदार हलकी हवा असली की प्रकाश त्या थरात खाली वाकत वाकत लांबवर येतो, आणि क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो, चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा. आजही याला नोव्हाया झेम्ल्या इफेक्ट म्हणतात. बॅरेंट्स बिचारा त्याच वर्षी जूनमध्ये परतीच्या वाटेवर वारला.

प्रश्न : मग बलून वर वर जातच राहिला तर? शेवटी ध्रुवावरची हवा आपल्यापेक्षा थंडच असणार ना? (अकरावी सायन्स, ठाणे)

उत्तर : इथे भलेभले फसतात. इन्व्हर्जन ओलांडलं की तापमान उतरत जातं, पण ध्रुवाजवळ हा उतार आठ-नऊ किलोमीटरवरच थांबतो. आपल्याकडे मात्र तो सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत चालूच राहतो, कारण खालची चूल दणकून पेटलेली असते आणि हवा तितकी वर फेकली जाते. त्यामुळे मुंबईच्या डोक्यावर सतरा किलोमीटरवर उणे ८० च्या आसपास असतं. त्याच उंचीवर, अंटार्क्टिकात उन्हाळा असताना, ध्रुवावर आपल्यापेक्षा चक्क तीसएक अंश जास्त असतात. म्हणजे ठाण्यात तू घामाने निथळत असतोस आणि बरोब्बर तुझ्याच डोक्यावर, ध्रुवावरच्यापेक्षा थंड हवा.

हिवाळ्यात हे उलटतं. सूर्यच नाही म्हटल्यावर ध्रुवावरची स्ट्रॅटोस्फिअरची, म्हणजे हा उतार थांबतो त्याच्या वरच्या थराची, हवाही उणे ८५-९० पर्यंत गारठते, त्यात खास ढग तयार होतात, शिंपल्यासारखे चमकणारे. दिसायला देखणे, पण त्यांच्या कणांवर क्लोरीनची संयुगं मोकळी व्हायला तयार होतात आणि सप्टेंबरात ऊन आलं की ओझोन खाऊन टाकतात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं ते ओझोनचं छिद्र ते हेच, पण त्याच्यावर तू वेगळा प्रश्न पाठव, या पानावर आता जागा उरली नाही.