वीस लाखांच्या आसपासची इलेक्ट्रिक गाडी डीलरकडून घ्यावी की थेट कंपनीकडून? ग्राहकाला चांगली वागणूक कुठे मिळते?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भावाने घरबसल्या कंपनीकडून थेट इलेक्ट्रिक गाडी मागवली, त्याला कोठेही घासाघीस करावी लागली नाही. आपल्याला मात्र नाशिकमध्ये एकाच गाडीसाठी तीन शोरूममध्ये तीन वेगळ्या किमती ऐकाव्या लागल्या. म्हणून डीलरला वगळून गाडी घेता येईल का आणि तशी घेतल्यास ग्राहकाचा मान अधिक राखला जातो का, असे आपण विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यात एका बँकेच्या वाहनकर्ज विभागात सव्वीस वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर नोव्हेंबर 2024 मध्ये स्वतः इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यामुळे कोटेशनच्या कागदाची दोन्ही अंगे मी पाहिली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते. आपल्या किमतीच्या टप्प्यात टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई या कंपन्यांच्या गाड्या येतात आणि त्या सर्व डीलरमार्फतच विकल्या जातात. संकेतस्थळावर आगाऊ रक्कम भरता येते हे खरे, परंतु ती नोंदणी शेवटी आपण निवडलेल्या डीलरकडेच जाते आणि बिलही त्याच्याच नावाचे निघते. थेट विक्री करणारी टेस्ला 15 जुलै 2025 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आली, पण तेव्हा तिची सर्वांत स्वस्त गाडीच जवळपास साठ लाखांची होती. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 पासून भारतात एक मधला मार्ग स्वीकारला. त्यात गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो, देशभर किंमत एकच असते आणि बिल कंपनी देते; डीलर गाडी दाखवतो, ताब्यात देतो, दुरुस्ती पाहतो आणि त्याचा मोबदला घेतो. ही पद्धत मला सर्वांत सरळ वाटते, परंतु वीस लाखांच्या गाड्यांपर्यंत ती अजून उतरलेली नाही.

आपल्या भावाच्या अनुभवाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेत सगळीकडे थेट विक्री मोकळी आहे असा समज आपल्याकडे दिसतो. तेथील अनेक राज्यांत कंपनीने ग्राहकाला परस्पर गाडी विकण्यावर कायद्याने बंदी किंवा मर्यादा आहे. टेस्लाचा प्रचंड कारखाना टेक्सास राज्यात ऑस्टिनजवळ आहे, मुख्यालयही तेथेच आहे, तरी टेक्सासच्या रहिवाशाला तीच गाडी घ्यायची असेल तर विक्रीचा व्यवहार कागदोपत्री राज्याबाहेर दाखवावा लागतो. डीलरने जमीन, इमारत, माणसे यांत पैसा घालायचा आणि धंदा बसला की कंपनीने त्याच्याच शेजारी स्वतःचे दुकान थाटायचे, असे होऊ नये म्हणून ते कायदे झाले. आपल्याकडे डीलरला असे खास संरक्षण नाही. जनरल मोटर्सने 2017 मध्ये आणि फोर्डने 2021 मध्ये येथील विक्री गुंडाळली, तेव्हा शोरूमवर कर्ज काढून बसलेल्या डीलरांचे काय झाले हे आम्ही कर्ज विभागातल्या लोकांनी जवळून पाहिले आहे. डीलर म्हणजे लुबाडणारा, असे मी सरसकट म्हणणार नाही. नव्या गाडीवर त्याला सुटणारा नफा थोडा असतो आणि उभ्या साठ्यावर बँकेचे व्याज रोज चढत असते. म्हणून तो विमा, ॲक्सेसरीज, कर्ज मिळवून देण्याचे कमिशन आणि पुढील सर्व्हिसिंग यांवर जगतो. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही. म्हणजे सर्व्हिसिंगचे उत्पन्न आटते. एकाच छताखाली पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्ही गाड्या असतील, तर काही सेल्समन आपल्याला पेट्रोलच्या गाडीकडे का वळवतात, हे यावरून लक्षात येईल.

आता तीन किमतींचे कोडे. तिन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवा. मॉडेल आणि व्हेरिअंट एकच असेल तर एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी आणि विमा धरण्याआधीची किंमत, बहुधा तिन्हींत सारखीच निघेल, कारण ती कंपनी ठरवते. फरक असतो तो त्याखालच्या ओळींत. त्यांपैकी ‘आरटीओ’चा रकाना इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मुद्दाम निरखून पाहावा. महाराष्ट्र शासनाच्या धोरणानुसार या गाड्यांना मोटार वाहन करातून सूट आहे, आणि नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्कही केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये माफ केले आहे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. म्हणजे कर्जाचा बोजा नोंदवण्याचे शुल्क आणि असेच किरकोळ खर्च सोडले तर या रकान्यात फारसे काही उरू नये. माझ्या कोटेशनमध्ये ‘आरटीओ व इतर’ म्हणून 18,500 रुपये लिहिले होते. शासकीय पावत्यांप्रमाणे फोड करून द्या, एवढेच मी म्हणालो. व्यवस्थापक आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि तो आकडा 4,200 वर आला. कोणी रागावले नाही, कोणी दिलगिरीही व्यक्त केली नाही. विचारणाऱ्याला 4,200 आणि न विचारणाऱ्याला 18,500, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली. आयुष्यभर मी अशी कोटेशने जोडलेली कर्जप्रकरणे मंजूर केली होती आणि त्या ओळीवर कधी बोट ठेवले नव्हते.

विमा त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती डीलर करू शकत नाही. बाहेरून दोन कंपन्यांचे दर आणून समोर ठेवले की त्यांचाही हप्ता खाली येतो. दहा लाखांवरील गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, घेतला जातो, तो प्राप्तिकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर जमा दिसतो आणि वळता करून घेता येतो, म्हणून तो खर्च समजू नये. मला एका तरुण सेल्समनने इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जव्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळेल असे छातीठोकपणे सांगितले. ती सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याला कोणी नवे काही शिकवलेच नव्हते. बॅटरी भाड्याने देण्याची योजना कोणी पुढे केली तर तीही नीट समजून घ्यावी. एमजीने सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा गाडी 9.99 लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे 3.5 रुपये अशी मांडणी होती. अशा योजनेत महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे धरले आहे, हे विचारल्याशिवाय आकडेमोड करू नये.

वागणुकीविषयी आपण विचारले आहे, तेथे मी जरा थांबतो. मला हवा असलेला व्हेरिअंट साताऱ्यात नव्हता, म्हणून मी पुण्याच्या एका शोरूममधून गाडी घेतली. ताबा देण्याचा सोहळा उत्तम झाला: गाडीवर साटीनचे कापड, झेंडूचा हार, नारळ, पेढे, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून आम्हा पतीपत्नींचा फोटो. सगळे आटोपल्यावर मी गाडीत बसलो तर पडद्यावर 19 टक्के चार्ज. साताऱ्यापर्यंत एकशेदहा किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. मी विचारले तेव्हा सेल्समन म्हणाला, “सर, हायवेला चार्जर आहेत ना भरपूर.” कोणत्या ॲपवर खाते उघडायचे, पैसे आधी भरावे लागतात की नंतर, हे त्याला सांगता येईना. खेड शिवापूरच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात आम्ही पाऊण तास त्या यंत्राशी झगडलो, शेवटी ट्रकमालकासारख्या दिसणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी स्वतःच्या फोनवरून चार्जिंग सुरू करून दिले. पेट्रोलच्या गाडीत पाच लिटर पेट्रोल कमी असले तर बिघडत नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र ताबा देणे म्हणजे फोटो काढणे नव्हे, एक तास शेजारी बसून सगळे समजावणे आहे, आणि हे अजून बहुतेक शोरूमच्या अंगवळणी पडलेले नाही.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. घरी आल्यावर पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडीसोबतचा चार्जर लावला की लाल दिवा लागे आणि चार्जिंग बंद पडे. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर प्रत्येक वेळी नवी व्यक्ती, नवा तक्रार क्रमांक आणि ‘गाडी वर्कशॉपला आणा’ हेच उत्तर. चौथ्या दिवशी साताऱ्याच्या डीलरच्या वर्कशॉपमधील एक तंत्रज्ञ, आम्ही गाडी त्यांच्याकडून घेतलेली नसतानाही, काम सुटल्यावर वाट वाकडी करून आमच्या घरी आला. त्याने मल्टिमीटरची टोके प्लगमध्ये धरली. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात 23 व्होल्ट दिसले. “काका, गाडीत काही दोष नाही. तुमचं अर्थिंग मेलंय,” तो म्हणाला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा त्याने दाखवायला लावला, वायरमनकडून कोळसा-मीठ भरून घ्यायला आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायला सांगितले, चहा घेतला आणि निघाला. त्या दिवसापासून एकदाही लाल दिवा लागलेला नाही. थेट विक्रीत असा माणूस कोठून येणार, हा माझा खरा प्रश्न आहे. स्कूटरच्या बाजारात ओला इलेक्ट्रिकने थेट विक्रीच केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्यामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये तिला नोटीस बजावली. त्यांपैकी 99.1 टक्के तक्रारींचे निराकरण केल्याचे कंपनीने कळवले. काहीही असो, मधला माणूस काढला म्हणून सेवा आपोआप सुधारत नाही, एवढे त्यावरून दिसते.

मग डीलर पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव कोणती? माझ्या मते जबाबदारीची फाटाफूट. गोव्यातील एका ग्राहकाने 2011 मध्ये नवी म्हणून गाडी घेतली. ती 2009 मध्ये बनलेली निघाली आणि सहाशेहून अधिक किलोमीटर आधीच चाललेली होती. राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनी आणि डीलर दोघांनाही जबाबदार धरले होते, परंतु फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, कंपनी डीलरला गाडी विकून मोकळी होते, आणि डीलरने जे केले त्याची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे पाटी कंपनीची, गणवेश कंपनीचा, जाहिरात कंपनीची, पण व्यवहारातील लबाडी मात्र डीलरच्या खात्यावर. थेट विक्रीत हा युक्तिवाद उभाच राहत नाही, कारण विकणारा आणि बनवणारा एकच असतो. ग्राहकाच्या बाजूने थेट विक्रीचा खरा लाभ मला येथे दिसतो. घासाघीस वाचणे ही त्यामानाने लहान गोष्ट आहे.

म्हणून आपण डीलरकडूनच घेणार असाल, आणि तूर्त दुसरा पर्याय नाही, तर पैसे पूर्ण भरण्याआधी चासी क्रमांक लेखी मागा, त्यावरून गाडी कोणत्या महिन्यात बनली हे पडताळा आणि ती स्टॉकयार्डमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहा. इलेक्ट्रिक गाडी महिनोन्‌महिने उभी राहिलेली असेल तर बॅटरीचा चार्ज किती आहे आणि या काळात ती केव्हा केव्हा चार्ज केली, हेही विचारा. बॅटरीची वॉरंटी कोण देतो, ती पहिल्या मालकापुरती आहे की गाडीसोबत पुढे जाते, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळते, या तीन गोष्टी वॉरंटीच्या पुस्तिकेतूनच वाचा, सेल्समनच्या तोंडून नव्हे. पुढे कधी तक्रार करण्याची वेळ आलीच, तर कंपनी आणि डीलर दोघांनाही पक्षकार करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवणे उपयोगी पडते.

आणि शोरूमच्या आधी वर्कशॉपला जा. शनिवारी सकाळी जा, कारण तेव्हा गर्दी असते. हाय-व्होल्टेजचे प्रशिक्षण घेतलेले किती जण आहेत, वर्कशॉपमध्ये फास्ट चार्जर आहे का, बॅटरीचा बिघाड तिथेच दुरुस्त होतो की गाडी मुंबईला पाठवावी लागते, हे विचारा. बाहेर थांबलेल्या दोन-तीन मालकांशी बोला, त्यांच्या गाड्या किती दिवस आत आहेत ते विचारा. आपल्या तीन शोरूमपैकी ज्याच्या वर्कशॉपमध्ये या प्रश्नांची उत्तरे न अडखळता मिळतील, त्याची किंमत पाच-सात हजारांनी जास्त असली तरी मी गाडी त्याच्याकडूनच घेईन.