जीपच्या डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन घरी बदलता येतात का?

जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीतून) घुमल्यासारखा आवाज येतो, तर त्यातला मोठा गिअर क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर पिनियन घरी बदलता येतील का आणि नुसता पिनियन बदलून भागेल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नुसता पिनियन कधीही बदलू नये. कारखान्यात हे दोन्ही गिअर एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोहोंवर जोडीचा एकच क्रमांक असतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील मिस्त्रींनी क्राउन चांगला आहे, नुसता पिनियन बदलून खर्च वाचवा, असे सांगितले. मी क्रमांकाकडे बोट दाखवले; पण थोरल्या भावाने, मिस्त्रींच्या कानाला गेजची (मोजायच्या उपकरणाची) गरज नसते, असे म्हणून मला गप्प केले. पहिल्या दिवसापासून गाडी रडत होती आणि ‘दात बसले की थांबेल’ असे आम्हाला सांगितले जात होते. तिसऱ्या महिन्यात पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढताना क्राउनचे तीन दात तुटले. गाडीत आई होती आणि टोचन मिळेपर्यंत रात्र झाली. त्या रात्रीनंतर मी ती गाडी गॅरेजमध्ये नेलेली नाही.

आता पहिला प्रश्न : घरी बदलता येतात. नवी जोडी मी अंगणातच बसवली आणि त्याला चार रविवार लागले. खोलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे, सारा वेळ शिम, म्हणजे गिअरची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या, जुळवण्यात जातो. दातांना प्रशियन ब्लू (ठसा पाहण्याचा निळा रंग) लावून क्राउन फिरवला की पिनियनचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत गेला आहे, म्हणून त्याचा शिम पातळ करावा. शेंड्याकडे आला तर जाड करावा. माझा ठसा मध्यावर यायला सात फेऱ्या लागल्या. प्रत्येक फेरीत पुलरने (बेअरिंग ओढून काढायच्या अवजाराने) बेअरिंग ओढले तर ते खराब होते, म्हणून जुन्या बेअरिंगचे भोक आतून घासून सैल करून घ्यावे, त्याच्यावर सेटिंग करावे आणि नवे बेअरिंग शेवटीच दाबावे. दातांमधला प्ले (मोकळी फट) मी डायल गेजवर (काट्याच्या सूक्ष्म मापकावर) ०.१५ मिलिमीटर ठेवला. आपल्या एक्सलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. हा प्ले कानाने किंवा हाताच्या अंदाजाने कळतो, हे मला मुळीच मान्य नाही, आणि भावालाही मी तेच सांगत आलो आहे.

डायल गेज, पुलर आणि पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा ताण) मोजणारा पाना मिळणार नसेल, तर मात्र घरी हात घालू नये. गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या-मागच्या एक्सलचे रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) सारखेच हवेत, म्हणून खरेदीपूर्वी दात मोजावेत : क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. बेअरिंगच्या कॅप खोलण्याआधी त्यांवर पंचने खुणा कराव्यात, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये, भक्कम स्टँड लावावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असते, तिला यातले बरेचसे लागू नाही.

ऑइल जीएल-५ दर्जाचेच (डब्यावर तसे लिहिलेले गिअर ऑइल) घालावे. पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले ८०० किलोमीटर ओझे ओढू नये आणि त्यानंतर ते ऑइल बदलावे.