पप्पा ताटावरून उठले, उत्तर कोण देणार?

इंदापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. मागच्या महिन्यात टीव्हीवर 'सैराट' लागला, सगळ्या घरानी बसून पाहिला, आणि तेव्हापासून मुलगी हाताबाहेर चाललीय असं त्यांचं म्हणणं. उलट उत्तरं देते, बुलेट शिकवा म्हणून मागे लागलीय, मोबाईलचा पासवर्ड बदलला म्हणून मोबाईलच काढून घेतला. पिक्चरवाले पोरींना पळून जायला शिकवतात, तिच्या डोक्यातून हे खूळ कसं काढायचं, असं विचारलंय. पत्र चार पानी आहे आणि तिसऱ्या पानावर मधेच एक वाक्य येतं: 'पिक्चर संपल्यावर जेवताना तिनी ह्यांना विचारलं, पप्पा मी अशी गेले असते तर तुम्ही मला मारलं असतं का, हे हात धुवायला उठले, मी म्हटलं गप जेव काहीही विचारते.' पुढच्या ओळीत लगेच क्लासची फी.

ताई, क्लासची फी राहू द्या बाजूला. तुमच्या पोरीनी भरल्या ताटावर बापाला विचारलं की तुम्ही माझा जीव घेतला असता का, आणि घरात दोन मोठी माणसं बसलेली असून एकालाही 'नाही' म्हणता आलं नाही. मला तुमच्या पत्रातलं बाकी काही दिसतच नाहीये.

तुम्ही म्हणता पिक्चर पळून जायला शिकवतो. शेवटपर्यंत पाहिलात ना तुम्ही? २०१६ साली आला तेव्हा झिंगाटवर थिएटरात नाचलेली माणसं शेवटी तोंडातून शब्द न काढता बाहेर पडायची. पळून गेल्यावर काय होतं ते नागराज मंजुळेंनी किती वेळ दाखवलंय, हैदराबादची ती झोपडपट्टी, घाण, कोंदट खोली, पाटलाच्या घरात वाढलेली आर्ची कारखान्यात कामाला, आणि ज्याच्यासाठी घर सोडलं तोच परश्या संशय घेतो, हात उचलतो, ती स्टेशनवर जाते आणि परत येते. हे बघून कुठल्या पोरीला पळून जायची हौस येईल? पुढे जरा बरं चालतं, लग्न होतं, बाळ होतं, आणि मग आर्चीला घरची आठवण येते. ती कुणाला फोन करते आठवतंय का? आईला. बाळाला पण फोनवर देते. आणि त्या फोननंतर भाऊ माणसं घेऊन दारात येतो, आईनी पाठवलेल्या वस्तू घेऊन. घरच्यांनी माफ केलं असं वाटून आर्ची त्यांना आत घेते, चहापाणी करते. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही पाहिलंय.

तुमच्या पोरीनी पाहिलं ते हे. आर्चीची बुलेट पाहिली असेलच, पण आर्चीच्या घरचे पाहिले आणि मग मान वळवून आपल्या घरचे पाहिले. आणि तिला हे लांबचं वाटायचं काही कारणच नाही हो, उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा, तिथेच शूटिंग झालं, आर्चीचं काम केलेली रिंकू राजगुरू तुमच्या शेजारच्या अकलूजची आणि तेव्हा शाळेत जाणारी मुलगी. बोली तीच, ऊस तोच. गल्लीतली कुणी पोरगी कुणाबरोबर गेली की आपण चहा पिताना काय काय बोलतो, तिच्या आईबापाबद्दल काय बोलतो, ते सगळं ही पोर लहानपणापासून ऐकत आलीय. तिनी हिशोब मांडला आणि खरं काय ते विचारून घेतलं. मला तर तिच्या धाडसाचं कौतुक वाटतं, मोठी माणसं असला प्रश्न विचारायला वर्षं घालवतात.

आणि उत्तर नाही मिळालं की मुलं काय करतात? २०१३ चा 'बालक पालक' बघा, रवी जाधवांचा. चाळीतल्या एका ताईबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, मुलं विचारतात तर ओरडा बसतो, मग ती विशू नावाच्या पोराकडे जातात आणि विशू अश्लील पिक्चरची कॅसेट दाखवतो. दार आधी मोठ्यांनी लावलं होतं. तुमची मुलगी अजून तुम्हालाच विचारतेय, हे किती मोठं आहे कळतंय का तुम्हाला?

पत्रात लिहिलंय की 'हे तसे शांत आहेत, कधी हात उगारला नाही.' छान. मग नाही म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मला त्यांचा राग येतोय, पण ताई त्याहून जास्त तुमचा येतोय, ते उठून गेले पण गप तुम्ही केलंत तिला. आणि हे काही पिक्चरमधलंच नाहीये, घरच्यांनीच पोरींना मारून टाकायचं प्रमाण असं की २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला शक्तिवाहिनी या संस्थेच्या केसमध्ये सांगावं लागलं की घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी सरकारांनी संरक्षणाची सोय करावी. तिचा प्रश्न खुळचट अजिबात नव्हता.

तर आज रात्री जेवायला बसाल तेव्हा, ह्यांच्या समोर, तुम्ही तिला सांगायचं: 'त्या दिवशी तू विचारलंस आणि मी तुला गप केलं. उत्तर नाही असं आहे. तू काहीही केलंस, कुणाबरोबर गेलीस, तरी या घरातला कुणी तुझ्या अंगाला हात लावणार नाही, मी लावू देणार नाही.' आणि तिथेच थांबायचं. याला शेपूट जोडायचं नाही, अभ्यास कर, आमची इज्जत सांभाळ, असं काही चालू केलंत तर उत्तर गेलं वाया. मग ह्यांच्याकडे वळून म्हणायचं, आता तुम्ही सांगा. ते उठायला लागले तर बसा म्हणायचं. आयुष्यात एकदा तरी म्हणा.

त्यांच्या तोंडून नाही आलंच नाही, किंवा 'तशी वेळ आणू नको' असलं काही आलं, तर ते हलक्यात घेऊ नका. मग मुलीला तुमच्या माहेरच्या विश्वासू माणसाचा नंबर आणि चाइल्डलाइनचा १०९८ पाठ करून घ्या, आणि ती उद्या दुरून फोन करेल तेव्हा तिचा पत्ता घरात कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हे आत्ताच ठरवून ठेवा.

बुलेटचं सोपं आहे, अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिला लायसन्स मिळत नाही आणि त्याआधी ती रस्त्यावर सापडली तर कायद्यानी आईबापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, एवढं सांगा, ती समजूतदार आहे. मोबाईल उद्या सकाळी परत द्या, पासवर्डचं नंतर बघू. आणि ह्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, पण कळवा.