वाचकांचे प्रश्न : जुलै महिन्याचा काय दोष?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ४६ वर्षांचा असून ऐरोलीत राहतो. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या एका औषध कंपनीत माझी शेवटच्या फेरीची मुलाखत होती. तेव्हा आम्ही कळव्याला राहत होतो. लोकल बंद, फोन लागेना आणि प्रमाणपत्रांची फाइल खाटेखालच्या ट्रंकेत भिजून लगदा झालेली. काही दिवसांनी तिथे पोहोचलो, तेव्हा ‘नंतर कळवतो’ म्हणाले, ते आजतागायत. मग रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत लागलो. मार्च २००९ मध्ये मंदीमुळे पगार कापला गेला. जुलै २०१६ मध्ये माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला बढती मिळाली आणि मला कित्येक महिने ईटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे) नमुने तपासायला बसवले. जुलै २०२५ मध्ये कंपनीने इथला प्लान्ट बंद करून गुजरातेत दहेजला हलवला आणि नोकरी गेली. जमेची बाजू एवढीच, की पत्नीची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. सासरे म्हणतात, जे होते ते चांगल्यासाठीच. मेहुणी साडेसातीचे उपाय सुचवते. पुन्हा पुन्हा जुलैच आडवा येतो, यात खरेच काही संकेत आहे का? आणि सगळा नुसता योगायोगच असेल, तर वीस वर्षांच्या मेहनतीला अर्थ काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात असे लक्षात आले, की आपण जुलैवर ठेवलेला ठपका आपल्याच पत्रात टिकत नाही, कारण पगारकपात मार्चमधली आहे आणि ती आपण एका वाक्यात मागे टाकली आहे. एकदा सूत्र सापडले असे वाटले, की त्यात बसणारे तेवढे मनात राहते आणि न बसणारे गळून पडते. यात आपला दोष नाही, माणसाचे मन याच पद्धतीने चालते. शिवाय जुलैला स्वतःची साधी कारणेही आहेत. कोकणपट्टीत वर्षातला सर्वाधिक पाऊस बहुधा याच महिन्यात पडतो आणि आर्थिक वर्षाची पहिली तिमाही जूनअखेर संपत असल्याने कंपन्यांचे कितीतरी निर्णय जुलैमध्येच कामगारांच्या कानावर येतात. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो कोणाची मुलाखत पाहून पडला नव्हता.

प्लान्ट हलण्याची कारणेही आपल्या कामात शोधू नयेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जमिनीचे भाव वाढले, वस्ती कारखान्यांच्या कुंपणापर्यंत आली, सांडपाण्याचे नियम कडक झाले आणि दहेजला रसायन उद्योगासाठी बंदरासह मोठी जागा तयार झाली. ज्या भूखंडांवर एकेकाळी रसायनांचे रिअ‍ॅक्टर होते, त्यांतल्या अनेकांवर आज आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी आहेत, हे ऐरोलीत राहणाऱ्याला मी सांगायला नको. त्याआधी ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीनेही हेच पाहिले. आपल्या कंपनीने नेमके काय हिशेब केले हे मला ठाऊक नाही, परंतु ते करताना आपल्या पत्रिकेचा विचार कोणी केला नसणार, एवढे निश्चित.

आता सासऱ्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू आपल्याला धीर देण्याचा आहे यात शंका नाही, पण ते वाक्य त्यांनी बोलायचे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि पुढे त्यांनीच एका अभंगात देवाला सांगितले, की दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली तेही बरे झाले. हे ज्याच्या घरात घडले त्याने, मागे वळून, स्वतःविषयी म्हटलेले आहे. देहूतल्या एखाद्या शेजाऱ्याने त्याच दुष्काळात दारात येऊन हेच ऐकवले असते, तर त्याला आपण संत म्हटले नसते. झालेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्यावर ती गुदरली त्याचा, आणि तो अर्थ कधी लावायचा हेही त्यानेच ठरवायचे. आपल्याला तो आज लागत नसेल, तर न लावता राहावे. पत्नीची भेट झाली म्हणून पूर आला, असा हिशेब मी मांडणार नाही आणि आपणही मांडू नये. पूर आला, नोकरी हुकली, दुसरी मिळाली, तिथल्या बसमध्ये त्या भेटल्या. एवढे खरे आहे आणि त्यातला आनंद खरा ठरण्यासाठी आधीचे नुकसान ‘चांगल्यासाठीच’ होते, असे मानावे लागत नाही.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोकरी टिकणे आणि काम अर्थपूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीत योगायोगाचा वाटा फार मोठा असला, तरी दुसरीला त्याने धक्का लागत नाही. वीस वर्षांत ब्युरेटमधून (थेंब मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीतून) रंग पालटणाऱ्या त्या एका थेंबाशी आपण किती वेळा थांबला असाल! टँकर गेटवर उभा, प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले, आणि तरीही आकडा मर्यादेबाहेर आला म्हणून बॅच अडवून धरण्याची वेळ क्यूसीमधल्या प्रत्येकावर येते. आपल्या सहीचा सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) घेऊन जो माल बाहेर पडला, तो कोणीतरी विश्वासाने वापरला. ते काम तेव्हाच पुरे झाले. प्लान्टला कुलूप लागल्याने तो निकाल मागाहून बदलत नाही. बढती मिळाली नाही हे अन्यायाचे असू शकेल. मात्र बढती हे त्या कामाचे मोजमाप नव्हे, हे टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायनाचे प्रमाण मोजण्याचे काम) करणाऱ्या माणसाला अधिक नेमकेपणाने कळते.

योगायोगाकडे पाहण्याची एक उपयोगी रीत जॉन क्रंबोल्ट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. व्यवसायाची वाट बरीचशी अनपेक्षित घटनांनी ठरते, हे मान्य करून त्या घटनांचा उपयोग करण्याची तयारी ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. (क्रंबोल्ट्झ स्वतः मानसशास्त्राकडे वळला, कारण महाविद्यालयात त्याचा टेनिसचा प्रशिक्षक मानसशास्त्र शिकवत असे.) या दृष्टीने आपल्या पत्रातला ईटीपीचा उल्लेख पुन्हा वाचावा. तो काळ आपण शिक्षा म्हणून नोंदवला आहे आणि ती शिक्षाच असेल. परंतु सीओडी, बीओडी आणि सांडपाण्याच्या इतर चाचण्यांचा हातचा अनुभव असलेला क्यूसी केमिस्ट पर्यावरणाच्या प्रयोगशाळांना लागतो. महापे, रबाळे, तुर्भे या भागात पाणी, अन्न आणि औषधे तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. त्यांतील एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी त्या मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. बायोडेटात ईटीपीचे काम शेवटच्या ओळीत लपवले असेल, तर ते वर आणावे.

मनातील सल मात्र बायोडेटाने जाणार नाही. अमेरिकेत नोकरी गेलेल्या अनुभवी व्यावसायिकांवर झालेला एक लहानसा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे, नोकरी जाण्याविषयी मनात जे जे आहे ते लिहायला सांगितले. पुढच्या महिन्यांत या लोकांना इतरांपेक्षा लवकर नोकरी मिळाली, आणि गंमत अशी, की त्यांनी अर्ज किंवा गाठीभेटी काही जास्त केल्या नव्हत्या. मनातला राग मुलाखतीत बाहेर पडेनासा झाला असावा, असा तर्क केला गेला. छोट्या प्रयोगावर फार भार टाकू नये. तरी एक दोनशे पानी वही आणण्यापलीकडे यात खर्च नाही. वही कोणाला दाखवायची नाही, मेहुणीला तर नाहीच.

आणि अर्थाचा शोध सावकाश चालू शकतो, ग्रॅच्युइटीचा नाही. ती नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी होती. मिळाली नसेल तर लेखी मागणी करावी. भविष्य निर्वाह निधीचे खाते घाईने रिकामे करू नये. पेन्शन योजनेतील आपली नोकरी १० वर्षांहून अधिक भरत असेल, तर ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्क आहे.

प्रश्न : महाविद्यालयातून मिळालेली नोकरी रुजू होण्याच्या आठवडाभर आधी कंपनीने ईमेल पाठवून रद्द केली. मैत्रिणी म्हणतात, याहून चांगले काहीतरी तुझ्यासाठी ठरलेले आहे. मला ते पटत नाही, म्हणून मी नकारात्मक ठरते. पुढच्या मुलाखतीत याविषयी काय सांगावे?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : पटत नाही, तर मान डोलावू नका, ‘मला सध्या वाईट वाटते आहे’ एवढे म्हणणे नकारात्मक नसते. ऑफर लेटर आणि तो ईमेल जपून ठेवा आणि महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाला लेखी कळवा, कारण पुढच्या वर्षी त्याच कंपनीला बोलवायचे की नाही हे त्यांना ठरवायचे असते. मुलाखतीत विषय निघालाच, तर कंपनीने त्या वर्षीची भरती मागे घेतली, त्यात माझी निवडही गेली आणि पत्र माझ्याकडे आहे, इतके एका दमात सांगून थांबावे. पुढचे त्यांना विचारू द्यावे.