वर्तमानपत्रावर मांडलेली गाडी

कोल्हापूर
श्रावणातला रविवार

पोरी, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो चार वेळा मोठा करून पाहिला. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर आजोबांच्या पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर, पेट्रोल पंप, डेल्कोचं (चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारा तो) टोपण, चारही प्लग, एअर क्लीनरचा डबा. आणि शेजारी स्टीलच्या वाटीत सगळे नट-बोल्ट एकत्र. ती वाटी पाहून माझ्या पोटात गोळा आला. (आजीला कळलंय का वाटी कुठे गेली ते?)

थांब. आणखी एकही बोल्ट सोडवू नकोस.

रागावलो नाही. आजोबांची १९८४ ची पद्मिनी अकरा वर्षं छपराखाली उभी आहे, ती भंगारात न घालता तू तिच्यात हात घातलास, याचं मला कौतुकच आहे. पण आयटीआयमध्ये मी तीस वर्षं मोटर मेकॅनिकची पोरं शिकवली, त्यात तुझा बापही आला, आणि त्या काळात घरी उघडलेल्या गाड्या भरपूर पाहिल्या. कौशल्य कमी पडलं म्हणून त्यातली एकही मेली नाही. सगळ्या एकाच रोगाने मेल्या: पहिल्या पंधरा दिवसांत उत्साहाने सगळं खोललं, मग परीक्षा आली, लग्नसराई आली, पावसाळा आला, आणि दिवाळीत परत बसल्यावर कुठला बोल्ट कुठला हे आठवेना. बंद पडलेली पण अखंड गाडी गाडी म्हणून विकली जाते. खोललेली गाडी किलोवर जाते.

म्हणून आज एवढंच कर. वाटीतले बोल्ट ओळखू येतात तोवर वेगळे कर. मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे घे, एका डब्यात एकाच जागेचं सामान, झाकणावर मार्करने नाव. इंजिनावर जिथे जिथे भोक उघडं पडलंय, तिथे स्वच्छ फडकं कोंब. कार्बोरेटरच्या खालचं मॅनिफोल्डचं तोंड तर आधी बंद कर. त्यात एक वायसर पडला तर व्हॉल्व्हपर्यंत जाऊन बसेल, आणि मग खरंच हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवावं लागेल. आणि डेल्कोचं टोपण काढताना प्लगच्या वायरींवर खुणा केल्या होत्यास का? नसतील केल्या तर घाबरू नकोस. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून डेल्कोतला रोटर कुठे बघतोय ते पाहिलं की बाकीच्या तीन वायरी हिशेबाने लागतात.

तू लिहिलंयस, 'इंजिन पूर्ण ओव्हरहॉल करायचं ठरवलंय.' कशावरून? तू ते अजून ऐकलेलंही नाहीस. डॉक्टर नाडी न बघता पोट उघडायला निघाला तर आपण काय म्हणू?

या इंजिनाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे त्याची भीती जाईल आणि थोडा आदरही वाटेल. वालचंद हिराचंद, आपले सोलापूरचे, यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. तुझी पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. इटलीत ते मॉडेल १९६६ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र १९७४ पासून पद्मिनी या नावाने ते २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. लोक याला मागासलेपण म्हणतात, आणि ते चूकही नाही. पण तुझ्या दृष्टीने बघ: इतकी वर्षं जवळजवळ तेच १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ स्ट्रोक (पिस्टनची धाव). म्हणजे साठच्या दशकातल्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री नव्वदच्या गाडीला डोळे झाकून हात घालायचा, आणि एकीचं सामान दुसरीला चालायचं. मुंबईची काळी-पिवळी याच्याच जोरावर धावली. त्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची हटली. त्या टॅक्सीवाल्यांचे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. एखादा सापडला तर त्याच्याकडे चहाच्या वेळेला जा, कामाच्या वेळेला नको.

अजून एक सोय. फियाट असल्याने तुझे सगळे बोल्ट मेट्रिक आहेत. अँबॅसेडरवर काम केलेल्या माणसाच्या पेटीतले इंची पाने आणशील तर ते 'जवळजवळ' बसतात आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतात. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सतरा-एकोणीस, एवढे रिंग पाने चांगल्या पोलादाचे घे. फिक्स पान्याने जोर लावू नकोस, रिंग पान्यानेच लाव. शंभर नगांचा चकचकीत सेट घ्यायचा मोह टाळ.

आता प्लग काढलेच आहेस तर त्याचा फायदा घेऊ. प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि चार दिवस विसरून जा. अकरा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला धरून बसलेल्या असू शकतात. मग चौथा गिअर टाक, बाबांना मागे उभं कर, आणि गाडी हळूच पुढे-मागे ढकला. चाक फिरताना फॅन फिरला तर अर्धी लढाई जिंकलीस. नाही फिरला तर जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. एका जीपच्या इंजिनाला मी दीड महिना असं गोंजारलं होतं. घाईने सेल्फ मारला असता तर रिंग तुटली असती.

फिरायला लागलं की जुनं ऑइल काढ, नवं भर, कॉइलची वायर काढून ठेव, आणि प्लगविना सेल्फ मार. ऑइलचा दिवा विझला पाहिजे. त्यानंतर सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लाव. विकत घेऊ नकोस, गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी माग. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघ. एखादा पडला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोज. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर हेड गॅस्केटवर संशय घे. हेड न उतरवता, दहा मिनिटांत एवढं कळतं. ओव्हरहॉल हवं की नको, ते तेव्हा ठरव.

माझा अंदाज सांगू? नको असणार. अशा गाड्या बहुतेक वेळा तीन क्षुल्लक गोष्टींनी अडलेल्या असतात: डेल्कोतले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडलेले, कार्बोरेटरचं बारीक भोकाचं जेट वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजलेलं, आणि पंपाचा पडदा कडक झालेला. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसून फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, गॅप लाव. आमचे जुने मिस्त्री रस्त्यात अडले की व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर गॅप लावून घरी यायचे, पण तुला घरी बसून तसं करायचं कारण नाही. गॅप किती, ते मॅन्युअलमध्ये बघ. जेटमध्ये तार घालू नकोस. ते पितळ आहे, भोक मोठं होईल आणि गाडी आयुष्यभर काळा धूर ओकेल. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा, बस्स.

पेट्रोलचंही बदललंय. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. तुझ्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्या जमान्याचे नाहीत. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ते हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या घाल, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल सडू देऊ नकोस. पहिल्यांदा चालू करताना टाकीच्या भानगडीत पडू नकोस. पंपाची ओढणारी नळी एका लहान कॅनमध्ये सोड, कॅन गाडीबाहेर लांब जमिनीवर. शेजारी आग विझवायचं सिलिंडर. वाळूची बादली चालेल, पाण्याची नाही. टाकीला भोक असलं तर ती कुणाकडेही वेल्डिंगला देऊ नकोस. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. याबद्दल मला जास्त बोलायचं नाही, मी एकदा पाहिलंय.

आणि तो जॅक. फोटोत पुढचं चाक जॅकवर दिसतंय, खाली विटा. वीट फुटते, पोरी, सूचना न देता. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आण, दोन तरी. घोडीवर गाडी बसल्याशिवाय डोकं खाली घालायचं नाही. छपराला एक बाजू उघडी आहे ते बरं, पण पावसाळ्यात ताडपत्री खाली सोडून इंजिन चालवू नकोस. धुराला वास येईल तेव्हा कळेल असं समजू नकोस, त्यातल्या घातक वायूला वास नसतोच. ब्रेक ड्रम उघडलेस तर आतली धूळ फुंकू नकोस, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुस.

ब्रेकवरून आठवलं. इंजिन चालू झालं की तुला चक्कर मारायची खाज सुटणार. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असायचा. एक रबर फुटलं की पेडल थेट जमिनीला. त्यामुळे चालण्याआधी थांबण्याचं काम पुरं कर: मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, नळ्या, नवं तेल. मग आरसी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, तुझं कधीच उलटून गेलं असणार. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण तुझी गाडी त्या वयाला अजून पोचलेली नाही, आणि तशी नोंद झालेली गाडी रोज फिरवताही येत नाही. तेव्हा सरळ मार्गानेच जा. आरटीओत जायच्या आधी चॅसिसचा नंबर घासून वाचून घे.

आता खरं काय ते सांगतो. फोटोच्या मागच्या कोपऱ्यात पोत्याखालून एक बारीक चाक डोकावतंय. ती आत्याची लूना मोपेड ना? मग पद्मिनी डब्यांत बंद कर आणि दोन महिने त्या लूनावर हात बसव. लूना पहिल्यांदा १९७२ मध्ये निघाली, पुण्याच्या फिरोदियांची. ५० सीसी, टू-स्ट्रोक, ना व्हॉल्व्ह, ना टॅपेट, ना ऑइल पंप. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पण प्लग, पॉइंट, कंडेन्सर, जेट, फ्लोट, पिस्टन, रिंग, पद्मिनीतलं हे सगळं तिच्यात आहे, आणि एका ताटात मावतं. ती 'दम नाही' म्हणून बंद पडली असेल तर बहुधा सायलेन्सर आणि एक्झॉस्टचं भोक काजळीने बुजलंय. लाकडी काडीने खरवड, लोखंडाने नको. पिस्टनची पिन काढायची झाली तर आधी क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद कर. पिन धरून ठेवणारी ती सर्क्लिप टणकन उडते, आणि खाली जाण्याची तिला फार आवड आहे. चूक झालीच तर लूनाची चूक स्वस्त असते.

चुकांचं सांगायचं तर माझीच एक ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या अशाच फियाटला प्लग घातले. हेड अॅल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादाचे. हाताने न फिरवता थेट पान्याने आवळलं, वाकडं चढलं, आणि हेडचे आटे माझ्या डोळ्यांदेखत पिठासारखे बाहेर आले. हेड उतरवून उद्यमनगरात नेलं. तिथल्या टर्नरने भोक मोठं करून पितळी बुश बसवलं, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, 'मास्तर, आधी बोटांनी.' ते वाक्य मी पुढे कायम वर्गात वापरलं, स्वतःचं म्हणून. तर प्लग थंड इंजिनात, बोटांनी, शेवटपर्यंत. पाना फक्त शेवटच्या थोड्याशा फेरीला.

सामानासाठी पुण्यात आहेस तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, पण जुना भाग हातात घेऊन जा, नाव सांगून आणू नकोस. गॅरेजात तुला 'बाबांना पाठव' म्हणतील. म्हणू देत. फिलर गेज खिशातून काढून पॉइंटचा गॅप विचार, पुढचं बोलणं आपोआप तुझ्याशी होईल. खर्चाची वही ठेव. तिच्यातच काय काढलं, काय बदललं, तारीख. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. पॉइंट, प्लग आणि जेट एकदम बदललेस आणि गाडी सुरू झाली, तर कशाने झाली ते तुला कधीच कळणार नाही.

माझा जुना फिलर गेज एसटीच्या पार्सलने पाठवतोय. पात्यांवर तेलाचा हात आहे तो पुसू नकोस, गंज धरतात. ०.४० चं पातं किंचित वाकलंय, पण माप बरोबर आहे. लूना सुरू झाली की फोन कर. आणि पद्मिनी सुरू होईल त्या दिवशी काही बोलू नकोस, फोन फक्त इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरपाशी धर. दोन मिनिटं. मी ऐकून सांगतो.

तुझा,
काका

ता. क. वाटी धुऊन आजीला परत दे. साबणाने नाही जाणार, आधी रॉकेल लागेल.