बोर्डावर नाव नाही, मॅन्युअल नाही, मग जंपर लावायचे कसे?

प्रश्न: सर नमस्कार, माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. एका जुन्या मशीनच्या पीसीत आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड आहे, ते नवीन पीसीत बसतच नाही, आणि आता त्या पीसीचा मदरबोर्डच गेला. भंगारात सॉकेट ७ चा (पेंटियमच्या काळातला) एक बोर्ड घावलाय, आयएसए स्लॉट आहेत पण कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, नुसतं जेपी१, जेपी२ असं लिहिलंय आणि कुठला जंपर कशाचा ते कायच छापलेलं नाही. माझ्याकडं पेंटियम १३३ आणि पेंटियम एमएमएक्स २०० असे दोन सीपीयू आहेत. पोरगं म्हणतंय एकेक जंपर बदलून बघूया, लागला तर लागला. करू का तसं?
(एक वाचक, उद्यमनगर)

उत्तर: पोराला आधी थांबवा. त्या जंपरांत (म्हणजे बोर्डावरच्या पिना जोडणाऱ्या बारक्या टोप्यांत) एखादा व्होल्टेजचा असणार, आणि बाकीचे चुकले तर बोर्ड नुसता चालू होत नाही पण तो चुकला तर सीपीयू जातो. आणि कुठल्याही जंपरला हात लावायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूनं फोटो काढा, कारण हा बोर्ड कधीतरी कुणाच्या तरी टेबलावर चालत होता आणि जंपर तेव्हाचेच असतील तर तीच तुमची पहिली माहिती.

आता चिपसेट, म्हणजे बोर्डाचं काम चालवणाऱ्या मोठ्या चिपा, बघा. मोठ्या चौकोनी चिपवर ८२४३७ एफएक्स असं काही असलं तर तो इंटेलचा १९९५ चा ४३० एफएक्स, म्हणजे बोर्ड एमएमएक्स यायच्या आधीचा, कारण पेंटियम एमएमएक्स बाजारात आला जानेवारी १९९७ ला. अशा बोर्डावर एमएमएक्सला लागणारं वेगळं कोअर (सीपीयूच्या आतल्या भागाचं) व्होल्टेज बहुतेक नसतंच, तेव्हा शोधत बसू नका. त्याच घरातले ४३० एचएक्स आणि ४३० व्हीएक्स १९९६ चे, त्यांच्यात वेगळं व्होल्टेज असलेले आणि नसलेले दोन्ही प्रकार बघायला मिळतात. ४३० टीएक्स १९९७ चा, त्यावर एमएमएक्सची सोय धरून चाला.

मग व्होल्टेज. तुमच्या पेंटियम १३३ ला सगळीकडं साधारण ३.३ व्होल्ट लागतात (काहींना थोडे जास्त, ते सीपीयूवर छापलेल्या कोडवरून कळतं), एमएमएक्सला आतल्या कोअरला २.८ आणि बाहेरच्या पिनांना ३.३. सॉकेटच्या कडेला हीटसिंक लावलेला व्होल्टेज ठरवणारा तीन पायांचा रेग्युलेटर दिसेल, एलटी१०८४ किंवा त्याच्या जातीचा, त्याची मागची पत्री आणि मधला पाय म्हणजे आउटपुट. सीपीयू काढून ठेवा, पॉवर सप्लायला एखादी जुनी हार्डडिस्क लोड म्हणून जोडा (रिकाम्यावर बरेच जुने सप्लाय उठतच नाहीत), एटी (जुन्या पद्धतीचा) सप्लाय असला तर त्याचे पी८ पी९ हे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून आल्या पाहिजेत हे दोनदा बघा, आणि मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला धरून त्या पत्रीवर किती येतंय ते मोजा. मग सप्लाय बंद करून त्या भागातला एक जंपर हलवायचा, परत चालू, परत मोजायचं, वहीत लिहायचं. चालू बोर्डावर जंपर ओढायचा नाही.

हे सगळं नुसतं अंदाजानं करायची पण गरज नाही. या रेग्युलेटरचं आउटपुट दोन रेझिस्टर ठरवतात, १.२५ गुणिले (१ अधिक आर२ भागिले आर१), आर१ आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायाच्या मध्ये असतो, आर२ अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला जातो. जंपर करतो काय तर आर२ च्या जागी वेगळा रेझिस्टर आणतो, एवढंच. म्हणजे अ‍ॅडजस्टच्या पायापासून माग काढत गेलात की व्होल्टेजचे जंपर कुठले ते आपोआप सापडतात. एक लक्षात ठेवा, काही बोर्ड सीपीयूच्या एका पिनवरून स्वतःच ओळखतात की याला दोन व्होल्टेज पाहिजेत, त्यांच्यावर रिकाम्या सॉकेटला ३.३ च्या आसपासच आकडा दिसेल, तेवढ्यावरून बोर्ड एमएमएक्स घेत नाही असं ठरवू नका. आणि रेग्युलेटरशेजारी तांब्याच्या तारेची कॉइल दिसली तर तो स्विचिंगवाला, तिथं हे गणित असंच चालेल असं नाही, कॉइलच्या सीपीयूकडच्या टोकाला मोजा.

तिसरं मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या मूळ वेगाच्या (बसच्या) किती पट सीपीयू पळतो ते, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजा यातच आहे, कारण बोर्ड कुणाचा का असेना सॉकेट ७ च्या पिना ठरलेल्या. मल्टिप्लायर ठरवतात त्या दोन, बीएफ० म्हणजे वाय३३ आणि बीएफ१ म्हणजे एक्स३४ (सॉकेटवरचं रांगेचं अक्षर आणि आकडा). सप्लाय पूर्ण बंद, मीटर बझरवर, एक टोक या पिनेला आणि दुसऱ्या टोकानं जंपरच्या एकेका पिनेवर टकटक करत जायचं, जिथं बीप वाजला तो तुमचा. बोर्डाच्या पाठीमागून सोल्डरवर धरणं सोपं पडतं पण तिथं सगळं उलटं, आरशातल्यासारखं असतं, चांगली चांगली माणसं तिथं गंडतात. मध्ये बारका रेझिस्टर असला तर बझर गप्प राहतो, मग ओहमवर घेऊन बघा.

जंपरनं पिन ग्राउंडला गेली की शून्य, मोकळी राहिली की एक. दोन्ही मोकळ्या असल्या तर १.५ पट, फक्त बीएफ० ग्राउंडला गेली तर २ पट, दोन्ही गेल्या तर २.५ पट, फक्त बीएफ१ गेली तर ३ पट. म्हणजे १३३ ला बीएफ० ग्राउंड (६६ दुणे), एमएमएक्स २०० ला बीएफ१ ग्राउंड (६६ तिप्पट). जाता जाता, एमएमएक्स २३३ हाच १.५ वाला जंपर ३.५ असा वाचतो, म्हणून जुन्या बोर्डावर पण तो चालतो, व्होल्टेज मिळालं तर.

राहिला बसचा वेग. १४.३१८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला लागून जी चिप असते ती क्लॉक जनरेटर, बसचा वेग तीच ठरवते, तिच्या एफएस० एफएस१ अशा नावाच्या पिना जंपरला गेलेल्या असतात, चिपचा नंबर वाचून डेटाशीट मिळाली तर काम झालंच. नाही मिळाली तरी अडत नाही, मल्टिप्लायर आता तुम्हाला माहीत आहे. १३३ घाला, २ पट ठेवा, व्हीजीए कार्ड लावा, पहिल्या स्क्रीनवर १०० दिसलं तर बस ५० वर आहे, १२० दिसलं तर ६०, १३३ दिसलं तर ६६. स्क्रीन पळतो, पॉज बटण दाबून धरा, आणि अवॉर्ड कंपनीचा बायोस (बोर्ड चालू होताना पहिला पळणारा प्रोग्राम) असला तर तळाला जी लांब ओळ येते ती उतरवून घ्या, तिच्यात तारीख, चिपसेट आणि बनवणाऱ्याचा कोड असतो, त्यावरून पुष्कळदा मूळ मॅन्युअलच हाताला लागतं. काही बोर्डांवर ७५ आणि ८३ पण असतं, तिकडं जाऊ नका, पीसीआय बस त्याच्या निम्म्यानं पळते म्हणजे ३३ च्या जागी ३७ आणि ४१, हार्डडिस्कवरचा डेटा खराब व्हायची शक्यता.

शेवटी माझं मत विचाराल तर मशीनला १३३ च बसवा. दोन व्होल्टेजची भानगड नाही, कमी तापतो, आणि तुमचं सॉफ्टवेअर डॉसचं असणार, टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले जुने प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर रनटाइम एरर २०० देऊन बंद पडतात. एमएमएक्स पोराला द्या, गेम खेळायला.

प्रश्न: माझ्या ४८६ बोर्डावरची निळी बॅटरी गळून आजूबाजूचं सगळं हिरवं झालंय. तिथं शिक्क्याचा सेल लावू का? आणि शेजारचा चार पिनांचा जंपर कशाचा?
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर: थेट लावू नका. ती निकेल कॅडमियमची ३.६ व्होल्टची चार्ज होणारी बॅटरी, बोर्ड तिला चार्ज करत असतो, आणि शिक्क्याच्या सेलला (सीआर२०३२) चार्जिंग चालत नाही, फुटू शकतो. चार पिना बहुतेक बाहेरच्या बॅटरीसाठी असतात, मधल्या दोन पिनांवर टोपी असली की बोर्डावरची बॅटरी वापरात, पण मीटरनं कुठली प्लस कुठली ग्राउंड ते बघितल्याशिवाय काही जोडू नका. सेलच्या प्लसला एक डायोड घाला, शॉटकी जातीचा मिळाला तर उत्तम, म्हणजे उलटा करंट जाणार नाही. त्याच्या आधी बॅटरी कापून काढा आणि हिरवं झालेलं जुन्या टूथब्रशनं पांढऱ्या व्हिनेगरनं घासा, गळलेलं अल्कली असतं म्हणून व्हिनेगर, मग पाण्यानं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. ट्रॅक तुटलेत का ते बझरवर तपासा, कीबोर्डचा कनेक्टर बऱ्याच बोर्डांवर तिथंच असतो, सगळ्यात आधी तोच मरतो.

प्रश्न: जंपरच्या टोप्या कुठं मिळतील?
(एक वाचक, गंगावेश)

उत्तर: विकत कशाला घेताय, जुन्या ३.५ इंची आयडीई हार्डडिस्कच्या मागं मास्टर-स्लेव्हला लावलेली असते ती काढा, २.५४ मिलिमीटरची असते, चालते. लॅपटॉपच्या डिस्कची नको, ती २ मिलिमीटरची, बसवायला गेलात तर पिना वाकतील.