सीजीपीए ७.१ आणि दोन एटीकेटी असताना जर्मनीत मास्टर्सला पात्र ठरेन का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, सातव्या सेमिस्टरअखेर सीजीपीए ७.१, दुसऱ्या वर्षाच्या दोन एटीकेटी (दोन्ही निघाल्या), आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा अजून दिलेली नाही, घरची परिस्थिती बेताची. आणि एका कन्सल्टन्सीत सांगितलं, "आठच्या खाली असेल तर जर्मनी विसरा."

बहुतेक पात्र आहात. तो आठचा आकडा कुठून आला ते त्या कन्सल्टन्सीलाच माहीत. मी स्वतः साताच्या घरातल्या सीजीपीएवर जर्मनीत आले, एम-थ्रीची (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची) एटीकेटी घेऊन. फक्त तुम्ही ज्या गोष्टींची काळजी करताय त्या कमी महत्त्वाच्या आहेत आणि खरी गाळणी तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही.

आधी गुणांचं बघू. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास, म्हणजे आपल्या उलट. आपला सीजीपीए त्यांच्या मापात बदलायला एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास गुण यांच्यातल्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. तुमचं गणित: १० वजा ७.१ म्हणजे २.९. किमान पास ४ धरला तर उत्तर येतं २.४५. तोच किमान पास ५ धरला तर २.७४.

हा फरक किरकोळ वाटेल, पण बऱ्याच अभ्यासक्रमांची अट "२.५ किंवा त्याहून चांगला" अशी असते. म्हणजे एकाच मार्कशीटवर तुम्ही आत किंवा बाहेर, आणि ठरतं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या ग्रेडच्या तक्त्यावरून. तो तक्ता स्कॅन करायला लोक विसरतात. मागची बाजूही स्कॅन करा. तिथे किमान ग्रेड पॉइंट स्पष्ट नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या, सही-शिक्क्यासह. खेटे घालावे लागतील, पण घाला.

एटीकेटीचं म्हणाल तर बऱ्याच अभ्यासक्रमांच्या अटींत तिचा उल्लेखही नसतो. शेवटचा निकाल बघतात. मात्र नापास झालेल्या प्रयत्नाची मार्कशीट लपवायची नाही. सगळ्या मार्कशीट मागितल्या की सगळ्या द्यायच्या.

आता खरी गाळणी: तुम्ही कोणते विषय किती शिकलात. तिथला मास्टर्स बहुतेक वेळा पदवीच्या विषयाचाच पुढचा टप्पा मानतात. त्यामुळे मेकॅनिकलवरून डेटा सायन्सला उडी मारायची असेल तर ९.५ सीजीपीएसुद्धा कमी पडू शकतो, कारण कॉम्प्युटरच्या विषयांचे ठरावीक क्रेडिट त्यांना हवे असतात आणि ते तुमच्याकडे नसतात. तुमच्या मनात "पुढे आयटीत जाऊ" असं असेल तर ते आत्ताच तपासा.

क्रेडिट मोजताना मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण माझ्यानंतर निदान चार-पाच जणांना तीच करताना पाहिलंय. एका विद्यापीठाच्या फॉर्मसोबत एक तक्ता भरायचा होता. डावीकडे त्यांचे विषय: गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, मटेरियल्स. उजवीकडे आपण शिकलेले विषय आणि त्यांचे क्रेडिट. मी हॉस्टेलवर बसून सिलॅबसची भलीमोठी पीडीएफ उघडली, मार्कशीटवरचे क्रेडिट जसेच्या तसे उतरवले आणि पाठवून दिले. महिनाभरात नकार आला: मेकॅनिक्सचे क्रेडिट अपुरे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, टॉम (थिअरी ऑफ मशिन्स), डायनॅमिक्स, सगळं शिकून अपुरे कसे?

कारण त्यांचा क्रेडिट आणि आपला क्रेडिट वेगळा. युरोपात ईसीटीएस नावाचे क्रेडिट चालतात: पूर्ण वर्षाचे ६०, आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. आपल्याकडे क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवरून ठरतो. म्हणून प्रमाण लावावं लागतं. चार वर्षांची पदवी म्हणजे २४० ईसीटीएस. तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट समजा १७० आहेत, तर २४० भागिले १७० म्हणजे साधारण १.४१. चार क्रेडिटचा विषय ५.६ ईसीटीएसचा होतो. मी चारच लिहिला होता. विद्यापीठानं स्वतःची पद्धत दिली असेल तर तीच वापरायची, दिली नसेल तर हे प्रमाण कसं लावलं ते तक्त्याखाली एका ओळीत लिहायचं. विषयाचं नाव त्यांच्या नावाशी जुळत नसेल तर सिलॅबसमधले मुद्दे शेजारी द्यायचे. आपला "टॉम" वाचून तिथल्या माणसाला काहीही बोध होत नाही. पुढच्या वर्षी तोच तक्ता नीट भरला आणि प्रवेश मिळाला. सीजीपीए तोच होता.

यानंतर कागदपत्रं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. दिल्लीतलं कार्यालय तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते तपासतं, फी १८,००० रुपये. व्हिसाला ते लागतंच आणि बरीच विद्यापीठं अर्जासोबतच मागतात, म्हणून सुरुवात इथून करा. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती कुठे मार्चात तर कुठे मेमध्येच संपते. १५ जुलैच्या भरवशावर राहू नका. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. त्यामुळे वीस ठिकाणी डोळे मिटून अर्ज करणं परवडत नाही.

आणि नाव! मराठी मुलांचा हा खास घोळ. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर दोन रकाने, त्यात वडिलांचं नाव कुणी घालतं, कुणी घालत नाही. माझ्या मार्कशीटवर वडिलांचं नाव "राव" लावून आणि पासपोर्टवर "राव" न लावता. त्या दोन अक्षरांसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमची सगळी कागदपत्रं आज रात्री एकदा शेजारी शेजारी मांडून बघा.

भाषेचं सोपं आहे. इंग्रजीतून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांना आयईएलटीएस ६.५ बऱ्याच ठिकाणी पुरते, निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. जर्मनची अट नसली तरी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा जिथे जमेल तिथे ए-टूपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत, तरी शिका. प्रवेशाला नाही लागणार, पण बेकरीत, घरमालकाशी बोलताना आणि पुढे नोकरी शोधताना लागेल.

पैसे. ट्यूशन फी बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, सत्राचं छोटं शुल्क असतं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे साधारण बारा लाख रुपये. ही फी नव्हे. तुमचेच पैसे तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे तुम्हाला मिळतात. माझ्या वडिलांना हे समजवायला एक अख्खा रविवार गेला होता. त्यांना वाटत होतं, बारा लाख कुणाला तरी देऊन टाकायचे आहेत. बँका यासाठी शैक्षणिक कर्ज देतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सत्रात कामाच्या जोरावर घर चालवायचा बेत आखू नका.

तुम्ही जाता जाता भावाचंही विचारलंय, बारावी झालेल्या. त्याचं गणित वेगळं. नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. भारतात त्याच शाखेत पदवीचं एक वर्ष पूर्ण करावं लागतं किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावं लागतं, नाहीतर तिथलं पूर्वतयारीचं वर्ष आणि त्याची परीक्षा. त्याला आत्ता इथल्या कॉलेजात प्रवेश घेऊ द्या.

आता तुमच्यापुरतं: मार्कशीटच्या मागे किमान पास ४ आहे की ५, आणि पदवीचे एकूण क्रेडिट किती, एवढं कळवा. ५ असेल तर आठव्या सेमिस्टरमध्ये सीजीपीए किती वर न्यावा लागेल ते सांगते. ४ असेल तर एपीएसचा फॉर्म या आठवड्यातच उघडा.